शोकेसमधला चोर

काचेवर शेणाचा गोळा थाडकन बसला तेव्हा मी आत पेन्सिलीला टोक करत होतो. धावत बाहेर आलो. स्टुडिओसमोर बघ्यांची ही गर्दी! आणि शोकेसच्या बरोबर मधोमध, जिथं आमचा सगळ्यात झकास फोटो लावलेला असायचा, तिथून शेण खाली ओघळत होतं.

“कुणी मारलं रे हे?” मी ओरडलो.

कुणी कबूल होईना. मग एक पैलवान गडी पुढं होऊन म्हणाला, “चोराचा फोटू मधी लावताय, मग लोक काय हार घालतील व्हय?”

“चोर? कोण चोर?”

“ह्योच की! गंगाक्काची बोरमाळ ह्यानंच वढली. लॉकअपात हाय आता. परेडमदी वळखला तिनं.”

त्या फोटोतल्या माणसाचं नाव राजय्या. तेलुगू पद्मशाली विणकर. एका कारखानदाराच्या हातमागावर लुगडी विणायचा. त्याचं लग्न ठरत होतं तेव्हा मुलीकडची माणसं होती निजामाच्या मुलखात. त्यांना मुलगा दाखवायला म्हणून त्यानं आमच्याकडे फोटो काढून घेतला. तो असा काही उतरला की मालकांनी त्याची मोठी प्रत करून शोकेसमध्ये लावली. तेव्हापासून तो तिथंच होता. काळा कोट, छातीवर साखळी, पीळ दिलेल्या मिशा, आणि चेहरा म्हणाल तर नुकत्याच घासलेल्या तांब्यासारखा.

तो चेहरा देवानं दिलेला नव्हता. तो मी केला होता.

हे जरा समजावून सांगायला हवं, कारण आजच्या पोरांना रिटचिंग म्हणजे काय ते ठाऊक नाही. त्या काळी फोटो काचेच्या प्लेटवर निघायचा. प्लेटवर सगळं उलटं. काळ्याचं पांढरं, पांढऱ्याचं काळं. ती निगेटिव्ह. तिच्यावरून कागदावर फोटो छापायचा. आमच्या प्लेटांना एक खोड होती. लाल रंग त्यांना काळा दिसायचा. गालावर नुसता लालसर डाग असला तरी फोटोत तो शाईच्या ठिपक्यासारखा यायचा. त्यात तो काळ देवीच्या साथींचा. ज्याच्या त्याच्या तोंडावर वण. माणूस आपला फोटो बघायचा आणि चिडून म्हणायचा, “हा मी न्हाईच!” म्हणून निगेटिव्हला राळेचा पातळ हात द्यायचा, म्हणजे काचेवर पेन्सिल उमटते, आणि सुईसारखं टोक केलेल्या पेन्सिलीनं एकेक खड्डा भरून काढायचा. मग तोच माणूस म्हणायचा, “आता कसा हुबेहूब आला!” हे भरण्याचं काम माझं. मी मूळचा करकंबचा. चित्रकलेचा नाद होता, मास्तरकी सोडून ह्या धंद्यात शिरलो. सोलापुरातल्या किती उपवर मुलींचे गाल मी भरले त्याची गणती नाही. त्याची मला लाज नव्हती आणि आजही नाही.

राजय्याच्या तोंडावर तर बोट ठेवायला जागा नव्हती. कपाळापासून हनुवटीपर्यंत वणच वण. त्याच्या प्लेटवर मी जीव ओतला होता.

तर, मी काच पुसायला फडकं घेतलं एवढ्यात गर्दी बाजूला सारत गंगाक्काच आली. ह्या बाईला सगळी पेठ ओळखायची. धान्याच्या अडत्याची बायको. घरात कानडी, बाहेर मराठी, आणि दोन्हींत आवाज सारखाच चढा. रोज संध्याकाळी सिद्धेश्वराच्या देवळात जायची आणि जाता-येता आमच्या शोकेससमोर थांबायची. एकेक फोटो न्याहाळायची. “ही कुणाची पोर रे? नाक बरं हाय की,” असं मला हाक मारून विचारायची. त्या दिवशी तिचा उजवा हात गळ्यात बांधलेला होता. देवळाहून परतताना तळ्याकाठच्या रस्त्यावर तिन्हीसांजेला कुणीतरी तिची माळ ओढली. ती पडली, मनगट मोडलं. काही दिवसांनी बाजारात तिला राजय्या दिसला आणि तिनं “चोर, चोर!” म्हणून बोंब मारली. लोकांनी तिथंच त्याला तुडवला आणि चौकीवर नेला.

शेणाच्या आडून तिनं फोटो बघितला आणि काचेवर डाव्या हाताचं बोट ठेवलं.

“अय्यय्य! ह्योच बघ मुडदा. असाच साफ चेहरा. असाच काळा कोट, हीच साखळी. फिर्यादीत सगळं लिहून दिलंय मी.”

“हीच साखळी, गंगाक्का?”

“हीच म्हणते की! तीन पदरी, मधल्या गुंडीला अडकवलेली. मी एकदा बघितलेला चेहरा विसरत न्हाई.”

मी फडकं खाली ठेवलं. कारण तो कोट राजय्याचा नव्हताच. तो आमच्या स्टुडिओचा होता.

आमच्याकडे येणारं गिऱ्हाईक बहुतेक बंडीत नाहीतर पैरणीत यायचं. फोटोत मात्र सगळ्यांना साहेब व्हायचं असे. म्हणून मालकांनी एक काळा कोट शिवून आत खुंटीला टांगला होता. येईल त्याला तो चढवायचा. बारका असो, जाडा असो, सगळ्यांना समोरून बसायचा, कारण पाठीमागून तो वरपासून खालपर्यंत उभा चिरलेला होता आणि नाड्यांनी बांधायचा. साखळीही कोटालाच शिवलेली. टोकाला घड्याळ नव्हतं, खिशात नुसतं टोक खोचलेलं. राजय्यानं जन्मात कोट घेतला नव्हता.

मी म्हणालो, “गंगाक्का, अहो, हा कोट आमचा आहे. आणि राजय्याच्या तोंडावर वण आहेत. तुम्ही हा फोटो इथं रोज बघता…”

“म्हंजे मी खोटं बोलते?”

“तसं नाही हो…”

“गळ्यातल्या लिंगाची आण घेऊन सांगते, तोच हाय!” ती कडाडली. आणि ती खोटं बोलत नव्हती. तिला खरंच तसं दिसत होतं. त्यामुळेच मला जास्त संताप आला. खोटारड्या माणसाशी भांडता तरी येतं.

तेवढ्यात मालक बाहेर आले. “दामू, तो फोटो काढ आधी. आणि काच धुवून घे. धंद्याच्या वेळेला तमाशा नको.”

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टुडिओ उघडतो तर पायरीवर एक तरणी बाई बसलेली. डोळे रडून सुजलेले, पण आवाजात रडं नाही.

“फोटोवाले कोन?”

“मी. काय पाहिजे?”

“मी नरसम्मा. राजय्याची बायको. तुमी कागदावर गुळगुळीत तोंड दाखवलं. माझ्या बापानं ते बघून लगीन ठरवलं. मांडवात पडदा सरकला तवा मी बघितलं, तोंड येगळंच! लई रडले. मग माणूस सोन्यासारखा निघाला, तर ते जाऊ द्या. आता त्याच गुळगुळीत तोंडापायी त्याला धरलंय. ते तोंड तुमी बनवलं. तुमीच जाऊन सांगा.”

तिनं बाकीचंही सांगितलं. माळ ओढली त्या वेळी राजय्या मागावरच होता. शेजारच्या मागावरच्या विणकरांनी पोलिसांना तसं सांगितलं. पोलीस म्हणाले, तुम्ही सगळे एकाच जातीचे, एकमेकांना सांभाळून घेणारच. कारखानदाराला विचारलं तर तो म्हणाला, मला ह्या लफड्यात ओढू नका. वर त्यानं निरोप धाडला की राजय्या लवकर सुटला नाही तर माग दुसऱ्याला देणार. आणि त्यांची राहायची खोली मागाबरोबरच होती. म्हणजे राजय्याला सक्तमजुरी आणि हिला रस्ता.

मी टोपी डोक्यावर घातली आणि तडक चौकी गाठली.

फौजदार पान लावत बसले होते. मी सगळं सांगितलं. फोटो, कोट, वण. त्यांनी चुना बोटानं सारखा केला आणि म्हणाले, “तिन्हीसांजेला वण कुठले दिसतायत?”

“वण दिसले नाहीत आणि साखळीचे पदर मोजता आले?”

“तुम्ही वकील आहात का?”

“फोटोग्राफर आहे.”

“मग फोटो काढा.”

मी विचारलं, परेड कशी केली? परेड म्हणजे ओळखपरेड. संशयिताला त्याच्यासारख्याच माणसांच्या रांगेत उभं करायचं आणि साक्षीदारानं येऊन बोट दाखवायचं. फौजदार खूश झाले. “एकदम चोख! एकटाच वणवाला उभा केला असता तर उद्या वकील बोंबलले असते. म्हणून मी हुकूम दिला, रांगेतले सगळे देवीचे वण असलेलेच पाहिजेत. हवालदारानं अख्खी पेठ पालथी घालून माणसं गोळा केली.”

माझं डोकंच फिरलं. “अहो साहेब! बाई फिर्यादीत म्हणते, चोराचं तोंड साफ होतं. आणि तुम्ही रांगेत एकही साफ तोंडाचा माणूस उभा करत नाही? मग ती ओळखणार कुणाला? रोज शोकेसमध्ये बघितलेलं नाक, रोज बघितलेल्या मिशा जिथं दिसतील तिथंच ती बोट ठेवणार ना! ह्याला काय परेड म्हणायची? चोर सोडून संन्याशाला सुळी!”

“हवालदार!” फौजदार गरजले. हवालदारानं माझ्या दंडाला धरून मला पायऱ्यांखाली आणून सोडलं. वर दबक्या आवाजात म्हणाला, “पाव्हणं, जावा घरी. साहेबांनी केस कागदावर पक्की केलीया. आता ती कोण मोडतंय?”

विणकरांनी वर्गणी काढून एक वकील दिला होता. तरुण होता, पण तयारीचा. त्यानं माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, “मूळ निगेटिव्ह आणि कोट कोर्टात आणा. तुमची पेन्सिल पुसता येते का?”

“येते. टर्पेंटाइननं पुसली की राळ निघते, राळेबरोबर पेन्सिल जाते, खालचं खरं तोंड वर येतं.”

“मग सुटला तुमचा राजय्या.”

ते वकिलाला वाटलं. मालकांना मी विचारलं तेव्हा ते ताडकन उठून उभे राहिले.

“निगेटिव्ह स्टुडिओची आहे. ती कोर्टात जाणार नाही.”

“माणूस फुकट आत सडेल, मालक.”

“आणि तू कोर्टात उभा राहून सांगणार, आम्ही तोंडं भरतो म्हणून? अरे, पोरींचे बाप आपल्याकडं विश्वासानं येतात. उद्या सगळे व्याही फोटो हातात घेऊन सुनांची तोंडं ताडून बघत बसतील. एकेकीला माहेरी धाडतील. त्या पोरींना काय सांगशील?”

मालकांचं हे म्हणणं खोटं नव्हतं, हीच तर पंचाईत. मी दोन-तीन रात्री तळमळत काढल्या. पण एक विचार काही केल्या जाईना. ज्या पोरी नांदत होत्या त्या निदान घरात होत्या. राजय्या गजाआड होता, आणि तोही मी काढलेल्या तोंडासाठी. मी मालकांना तोंडावर सांगितलं, “तुम्ही देणार नसाल तर कोर्ट मागेल.”

वकिलानं समन्स काढलं. मालकांनी निगेटिव्ह पुढं सरकवली आणि कोट माझ्यासमोर आदळला. “समन्स आहे म्हणून देतोय. तिथं एक शब्द जास्त बोललास तर उद्यापासून कामावर येऊ नकोस.”

कोर्टात ही गर्दी! निम्मे विणकर, निम्मे अडते, आणि मागच्या बाकावर चारदोन ओळखीची पागोटी. सगळे मुलींचे बाप. त्यांना बातमी पोचली होती. त्यातले एक तर माझ्याकडं असे बघत होते की मीच त्यांच्या मुलीचा घटस्फोट खिशात घालून आलोय.

वकिलानं आधी गंगाक्काला तो कोट दाखवला. समोरची बाजू तिच्याकडं करून.

“हाच, हाच कोट!” ती म्हणाली. “ही बघा साखळी. मी म्हटलं न्हवतं?”

“नीट बघा. खात्री आहे?”

“डोळे फुटलेत काय माझे?”

मग मला वर बोलावलं. मी कोट फिरवून पाठ दाखवली. उभा चिरलेला, नाड्या लोंबताहेत. कोर्टात हशा पिकला. पोलीस प्रॉसिक्यूटर उठले. “काळा कोट सोलापुरात काय एकच आहे?”

“साहेब, साखळी अशी शिवलेला एकच आहे, आणि तो आमच्या खुंटीवरून कधी हललेला नाही. हा घालून चोर पळाला असता तर त्याची उघडी पाठ सगळ्या तळ्याकाठानं बघितली असती.”

“विचारलं तेवढंच बोला,” मॅजिस्ट्रेट म्हणाले. पण कोट मागून घेऊन त्यांनी स्वतः नाड्या ओढून बघितल्या.

प्रॉसिक्यूटर सोडायला तयार नव्हते. म्हणाले, “फोटोत तोंड साफ आहे. वण तुम्ही पुसले हे आम्ही कशावरून धरायचं? आरोपीला फोटोनंतर देवी आल्या असतील. तुम्ही मित्र म्हणून गोष्ट रचताय.”

“मग पुसून दाखवतो. निगेटिव्ह इथं आहे, ऊन बाहेर आहे.”

“असं तुम्ही सगळ्यांच्याच फोटोत करता काय?” त्यांनी डाव टाकला. मागच्या बाकावरची पागोटी एकदम खाली गेली. माझ्या डोळ्यांसमोर मालक आले, त्या पोरी आल्या. आणि मग मला राग आला. ह्या माणसाला एका गरिबाला आत टाकायला गावातल्या पोरी वेशीवर टांगायच्या होत्या होय?

“सगळ्यांचं कशाला, तुमचंच सांगतो ना साहेब,” मी म्हणालो. “गेल्या दिवाळीत तुम्ही फोटो काढून घेतलात. डोळ्यांखालच्या पिशव्या मीच काढल्यात. घरी लावला असेल तर ताडून बघा.”

कोर्ट असं हसलं की शिपायाला तीनदा ओरडावं लागलं. मॅजिस्ट्रेटांनी माझ्यावर डोळे वटारले, पण मिशी हलत होती. प्रॉसिक्यूटरांनी पुढं तो प्रश्न विचारला नाही. पागोटी वर आली.

मॅजिस्ट्रेटांनी विचारलं, “पुसलं तर पुन्हा हे तोंड येईल का?”

“नाही साहेब. गेलं ते गेलं.”

“पुसा.”

मी कापसाला टर्पेंटाइन लावलं. कपाळ, गाल, हनुवटी. जे भरायला माझे कितीक दिवस गेले ते पानाची पिचकारी मारायला लागतो तेवढ्या वेळात गेलं. मग प्लेट चौकटीत घातली, तिच्यावर पी.ओ.पी. कागद दाबून बसवला आणि आवारात उन्हात धरली. ह्या कागदाला पाण्याचे सोपस्कार लागत नाहीत. ऊन लागलं की चित्र आपोआप उमटत जातं. सगळं कोर्ट भोवती वाकून बघत होतं. मी चौकट सावलीत नेऊन उघडली. राजय्याचं तोंड वर आलं. वणच वण. लाल ते सगळं काळं झालेलं, त्यामुळं प्रत्यक्षापेक्षाही भयंकर. प्रॉसिक्यूटरांनी तेच विचारलं, “हा खऱ्यापेक्षा जास्त खराब आलाय ना?” मी म्हणालो, “होय, आमची प्लेट अशीच बघते.” खोटं का बोलू?

“साहेब, हा कागद पक्का केलेला नाही,” मी सांगितलं. “उजेडात ठेवलात तर काळा पडेल. लवकर बघा.”

वकिलानं दोन्ही फोटो गंगाक्कासमोर ठेवले. एक आमच्या शोकेसमधला, जो मी बरोबर आणला होता, एक हा ताजा. “ह्यातला चोर कोणता?”

तिनं एका क्षणात शोकेसमधल्यावर बोट ठेवलं. “ह्यो.”

“आणि हा दुसरा?”

तिनं कागद डोळ्यांजवळ नेला, लांब नेला. “ह्याला मी कधी बघितलं न्हाई. कोण हाय ह्यो?”

वकिलानं पिंजऱ्याकडं हात केला. राजय्या दोन्ही हातांनी कठडा धरून उभा होता. कैदेत दाढी वाढलेली, पण वण दिसतच होते. गंगाक्कानं त्याच्याकडं बघितलं, कागदाकडं बघितलं, पुन्हा त्याच्याकडं. मग ती ओरडली, “फोटू बिघडवलाय ह्यांनी! चोर तोच हाय!”

मॅजिस्ट्रेटांनी राजय्याला सोडला. शब्द होते, ‘संशयाचा फायदा’. संशयाचा फायदा! म्हणजे हा चोर नाही असं नाही, तर हा चोर आहे हे नक्की सांगता येत नाही. एवढा उजेडात उमटवून दाखवला, तरी सरकारला संशयच. आवारात नरसम्मा त्याच्या गळ्यात पडून रडली आणि मग माझ्याकडं वळून म्हणाली, “हे तोंड मला चालतंय.” राजय्या माझ्यापुढं आला. वाकून नमस्कार केला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

पुढचं ऐका. कारखानदारानं माग आधीच दुसऱ्याला दिला होता. “कोर्टानं सोडलं असेल, पण माझ्या दारात चोर नको,” म्हणाला. बाजारातून राजय्या गेला की बायका गळ्यावरचा पदर ओढून घ्यायच्या. ज्यांनी त्याला तुडवला होता ते पुन्हा मुठी आवळून बघायचे. महिन्याभरात दोघं सोलापूर सोडून गेली. कुणी म्हणालं भिवंडीला, कुणी म्हणालं सुरतेला.

आणि आमचा स्टुडिओ? बुडेल म्हणून मालक कपाळाला हात लावून बसले होते. झालं उलटंच. “ते कोर्टात पुसून दाखवलेले रिटचर हितंच बसतात व्हय?” करत गिऱ्हाइकांची रीघ लागली. वण भरून मिळतात ही बातमी फुकटात गावभर झाली होती. मालकांनी मला काढलं तर नाहीच, भाव वाढवले. त्या दिवसांत मी कुणाशी धड बोललो नाही. वड्याचं तेल वांग्यावर निघतं ते असं.

खरा चोर पावसाळ्याच्या तोंडाला सापडला. बोरमाळेचे मणी मोडायला सराफाकडं गेला आणि तिथंच धरला गेला. त्यानं सगळं कबूल केलं. हे मला फौजदारांनीच सांगितलं. बढतीचा फोटो काढायला आले होते, आमचाच कोट चढवून खुर्चीत बसले होते.

“टकल्या, ढेरपोट्या, मिशी नाही,” ते हसत म्हणाले. “परेड केली. गंगाक्का त्याच्यासमोरून सरळ चालत गेली. म्हणाली, छे, हा न्हवं! माळ हातात दिली तरी बाई म्हणते, हा न्हवं.”

“राजय्याला कळवलंत?”

“त्याचा पत्ता कुठं आहे? आणि सुटलाच की तो.”

मी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखाली डोकं घातलं, कारण बाहेर असतो तर मी त्यांना काय बोललो असतो ते सांगता येत नाही. कापडाखाली मात्र सगळं बोललो. त्यांना वाटलं मी फोकस जुळवतोय.

चाळीस वर्षं मी चेहऱ्यांत काढली. त्यातून मला एवढंच कळलं की माणसाला चेहरा लक्षात राहतो, तो कुठं बघितला ते राहत नाही. मग ज्याचा चेहरा असतो तो भरतो.